गोठलेल्या समुद्रावर

अव्वा,

शरणार्थ. फिनलंडात मी खुशाल हाय. अण्णांचा खोकला थांबला का?

ज्यांची शिडाची होडी मी सांभाळतो, त्या बाई म्हणाल्या, "हिवाळ्यात कुठं ठेवायची, तूच ठरव." बंदरात ठेवणं सोपं होतं, पण मला थंडीचा भरवसा वाटेना. क्रेननं उचलून काठावरच्या शेडमध्ये ठेवली.

अव्वा, मग अख्खा समुद्र गोठला! लाटांचा आवाजच बंद. बंदरातली एक होडी बर्फानं फोडली.

"बरं झालं, आपली बाहेर काढलीस," म्हणत बाईंनी काल मला समुद्रावर चालत नेलं. भिऊ नको, बर्फ लई जाड हाय. चहूकडं नुसतं पांढरं. देवळात आल्यावानी जोडे काढावे वाटले. तसं बोललो, तर बाई हसल्या न्हाईत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

तुझं लेकरू,
सोमेश