भाऊजींची दाढी

९ मार्च, सकाळ

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. आम्ही मजेत, आणि या खेपेला ते उगाच लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. मागची पत्रं तुझ्या भावजयीने लिहिली होती, हे माझ्या हातचं. कोंबडीचे पाय दिसले तरी हसू नकोस.

बातमी आधी सांगतो. गाठ आटली आहे, औषध लागू पडतंय. डोक्यावर मात्र एक केस नाही. सलूनवालाच टकला! गिऱ्हाईकं विचारतात, "आमचंही असंच करणार का?"

आता ते दुसरं. मागे भाऊजी आले, हौसेने माझ्या खुर्चीत बसले, मान मागे टाकली, आणि मी म्हणालो, "दाढी बंद केलीय, शेजारच्या दुकानात जा." ते उठून गेले ते आजवर बोलले नाहीत. तू फोनवर विचारलंस, तर म्हणालो मूड नव्हता. ताई, मूडबिड काही नाही. औषधाने बोटं बधिर झाली होती, हातातला वस्तरा कळत नव्हता. आदल्याच दिवशी आमच्या मास्तरांचा कान कापला, आणि मला समजलं ते रक्त दिसल्यावर. भाऊजींच्या गळ्यावर हात कसा चालवणार होतो, सांग ना?

म्हणशील, डॉक्टरांना का नाही बोललास? घाबरलो. सांगितलं की औषधच बंद करतील, असं डोक्यात बसलं होतं. शिवाय मोठ्या इस्पितळात दर खेपेला नवा डॉक्टर, मागे ही रांग, आणि तो कागदात बघूनच विचारणार, "बरं आहे ना?" मीही "बरं आहे" म्हणून मोकळा.

मग आमच्याच भागातल्या दवाखान्यात कॅन्सरचं औषध सलाइनमधून द्यायची सोय झाली. तिथल्या सिस्टर दर खेपेला त्याच. सुई टोचण्याआधी विचारतात, "या आठवड्यात काय करता आलं नाही?" मी आपला, "सगळं येतं हो!" एकदा म्हणाल्या, "शर्टाची बटणं लावून दाखवा." एक कसंबसं लागलं, दुसरं काही केल्या लागेना. रोज बायको लावून द्यायची ना! पोरासारखा रडलो बघ. त्या म्हणाल्या, "अहो, हेच सांगायचं असतं. उगाच विचारते का मी?" आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

औषध बंद नाही झालं, बदललं. एवढंच! आणि मी वेडा इतके दिवस दातखीळ बसल्यासारखा गप्प.

बधिरपणा कमी व्हायला काही महिने गेले. पूर्ण गेलेला नाही, जाईलच असंही कुणी म्हणत नाही. पण काल मास्तर आपणहून खुर्चीत बसले. म्हणाले, "अजून एक कान शाबूत आहे." वस्तरा गालावर फिरताना मला कळत होता, ताई! जीव भांड्यात पडला.

आज बटणं माझी मी लावली आणि लिहायला बसलो. भाऊजींना हे वाचून दाखव. म्हणावं, रागवा, हवं तर बोलू नका, पण दाढी वाढवा. खुर्ची पुसून ठेवली आहे.

सध्या टकला, पण तुझाच
झिपऱ्या