हिरव्या पट्ट्या आणि केबिनचे पडदे

२ जून, सकाळी ९.१०
चाळीस गिअरबॉक्सची ऑर्डर माझ्याकडे. डिस्पॅच २६ला. वेळेवर गेली तर प्लॅनिंग मॅनेजरची रिकामी केबिन माझी, असं मोठे साहेब स्वतः म्हणाले. भिंतभर गँट चार्ट लावला. प्रत्येक कामाला एक पट्टी. काम होईल तेवढी हिरवी करायची. आजच्या तारखेची लाल रेषा हिरव्याच्या पुढे जाऊ द्यायची नाही, हा निश्चय! शेवटची पट्टी 'केबिनचे पडदे'. माप घेऊन आलो. शिवणार बायको.

५ जून
खालच्या मशीन शॉपचा फोरमन म्हणजे माझा मेहुणा. मीच चिकटवलेला. आज म्हणाला, भाऊजी, कास्टिंग आलेलंच नाही, रंगवण्याआधी एकदा खाली येऊन बघा तरी. पोरगा चांगला, पण रडका. माल आज ना उद्या येणारच. पट्टी हिरवी केली.

९ जून
लाल रेषा फार पळते. मशिनिंग निम्मं हिरवं केलं. खाली जाणार होतो, पण जिन्याने गुडघा धरतो.

१६ जून
मेहुणा पुन्हा वर. म्हणे एकाही गिअरचा दात कापलेला नाही. त्याला चार्टपुढे उभं केलं. सत्तर टक्के! बराच वेळ बघत राहिला. पटलं असावं.

२० जून
हिरवा मार्कर संपला. कामाचा वेग यावरूनच कळतो. स्टोअरमधून दोन मागवले.

२६ जून, दुपारी ४
ऑर्डरच्या सगळ्या पट्ट्या शंभर टक्के हिरव्या. ट्रक बोलावला. रिकामा परत गेला. साहेब चिडलेसुद्धा नाहीत, तेच जास्त लागलं. मेहुण्याने त्यांना सतरालाच सगळं सांगितलं होतं. गिऱ्हाइकाकडून नवी तारीखही घेऊन झाली होती. माझ्या पाठीमागे! ज्याला हाताला धरून फाटकातून आत आणलं, त्यानेच केसाने गळा कापला. बायकोला सांगितलं, तर म्हणाली, दादा आधी तुम्हालाच सांगत होता ना? म्हणजे घरातही फितुरी.

३० जून
पडदे ठरल्या दिवशी तयार. अख्ख्या चार्टमधलं वेळेवर झालेलं हे एकच काम, आणि नेमकी तीच पट्टी रंगवायची राहिली होती. मापाला चोख बसले. स्टुलावर चढून मीच लावले. मेहुणा नव्या खुर्चीतून म्हणाला, भाऊजी, उजवीकडचा जरा वर घ्या.