एर्शो उकळत्या पाण्याने मारल्याची हकिगत

देब्रे बिरहान

आदरणीय आस्नाकेच वन्सं,

गुडघे कसे आहेत? देवाच्या कृपेने, तुमची आठवण येते तेवढं सोडलं तर मी ठणठणीत आहे. ताफेसेंना देवाघरी जाऊन वर्ष होईल त्या शनिवारी, म्हणजे अजून पंधरा दिवसांनी, साठ माणसं जेवायला येतील, आणि मी घरातला एर्शो मारून टाकला आहे. होय, सासूबाईंनी दिलेला. तीस वर्षं प्रत्येक आंबवणातून पुढच्यासाठी काढून ठेवलेलं तेच पिवळं पाणी.

दोष सासरी गेलेल्या लेकीच्या जुन्या जीवशास्त्राच्या पुस्तकाचा. (शाळा मी बाहेरूनच पाहिली, पण अक्षरं एकदा कळली की बाई थांबत नाही.) एकेचाळिसाव्या पानावर होतं की सूक्ष्मजीव डोळ्यांना दिसत नाहीत, हातावर, भांड्यात सगळीकडे असतात, आणि काही आपल्या पेशींत शिरून आजार देतात. अंगावर काटाच आला. पिठाचा डेरा उकळत्या पाण्याने, साबणाने तीनदा घासला, एर्शो ओतून दिला आणि उकळून गार केलेल्या पाण्यात तेफचं पीठ भिजवलं. तीन दिवसांनी पाहते तर पीठ निपचित. तव्यावर घातलं, पण इंजेऱ्याच्या पोळीवर जाळीचा एक डोळा फुटेल तर शपथ! शेजारच्या येशारेगने तो उजेडात धरला. "अगं बाई, आंधळा की गं हा! पिठाला एवढी आंघोळ घातलीस, आता टॉवेलही दे!" मग मी पान उलटलं. बरेच सूक्ष्मजीव उपयोगी असतात, पीठ तेच फुगवतात, असं बेचाळिसाव्या पानावर. (हे आधी सांगायला लिहिणाऱ्याच्या बापाचं काय जात होतं?)

पुढे असंही आहे की रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी एकदा भेटलेल्या रोगजंतूला वर्षानुवर्षं ओळखतात, म्हणून प्रतिकारशक्ती येते. दुःखाची तशी येत नाही. सकाळी मी अजून दोघांपुरत्या कॉफीच्या बिया भाजते.

ताफेसे पहिल्या घासाला सांगत, इंजेरा घरचा की शेजारचा. त्यांच्या नावाच्या जेवणाला परका एर्शो नको. तुम्ही याच डेऱ्यातून तांब्याभर नेला होतात. त्यातला बाटलीभर बसच्या ड्रायव्हरकडे द्या. झाकण सैल ठेवा, फसफसतो.

तुमची वहिनी,
वर्कनेश

ता. क. ड्रायव्हर बाटली उन्हात ठेवील. मांडीवर घेऊन तुम्हीच या.

आणखी एक ता. क. लिफाफा चिकटवण्याआधी खरं सांगते. येशारेगचा एर्शो घालून पाहिला. पीठ डेऱ्याबाहेर आलं, डोळे मोजता येईनात, आणि चवीत मला तरी काही फरक कळला नाही. तरी या. साठ माणसं जेवून गेल्यावर घरात कोणीतरी उरायला हवं.