क्रांतीचा लेट मार्क

३ मार्च
आजपासून सरकारशी उभं वैर. सकाळी पालिकेची गाडी आली आणि माझी घड्याळदुरुस्तीची टपरी उचलून घेऊन गेली. वर तो शिपाई म्हणतो, काका, बाजूला व्हा. काका! मला!

ताई त्याच पालिकेच्या ऑफिसात दाखल्यांच्या खिडकीवर बसते. म्हणाली, परवाना काढ म्हणून दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होते. घरभेदी मेली! राहतो तिच्याच घरात, पण म्हणून काय झालं? शत्रूच्या पगाराचं जेवण, म्हणून निम्मंच जेवलो. उरलेलं नंतर खाल्लं. अन्न वाया घालवणं मला पटत नाही.

५ मार्च
सरकारी नोकरीच्या परीक्षेत मला तीनदा नापास केलं. मी झालो नाही, केलं. तसंही असल्या सडक्या यंत्रणेत मला जायचंच नव्हतं. चौथ्यांदा वयात बसत नाही, नाहीतर दाखवलं असतं.

९ मार्च
फोनवर ‘वणवा’ नावाचा ग्रुप सापडला. प्रमुखाला सेनापती म्हणतात. मोबाईलची कव्हरं विकतो. माझी हकिगत ऐकून म्हणाला, साहेब, तुमच्यासारख्या माणसाची देशाला गरज आहे. साहेब! जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार आहे इथे.

१४ मार्च
कव्हरांच्या दुकानामागे मीटिंग. आम्ही चौघं. मला उशीर झाला, लेट मार्क पडला. सदस्यत्वाचं प्रतिज्ञापत्र परत आलं, कारण फोटोची बॅकग्राउंड पांढरी नाही. हेच पालिकेत झालं असतं तर टेबल उलटं केलं असतं. इथे मात्र शिस्त आहे, मान्य करायला हवं.

क्रांतीनंतरची खाती वाटली. मी गृहखातं मागितलं. ते सेनापतीच्या मेहुण्याला आधीच दिलेलं. तत्त्वासाठी माणसाने थोडं सोसावं.

१९ मार्च
ठरलं! पालिकेचं ऑफिस पेटवायचं. रविवारी, म्हणजे आत कुणी नसतं. सगळ्यांनी विचारलं, नक्की? मी उठून छातीवर हात ठेवून सांगितलं, नक्की. टाळ्या पडल्या. जळू दे एकदाचं! माझी टपरी उचलता काय, हरामखोरांनो!

२२ मार्च, शनिवार
ताई जेवताना म्हणाली, उद्या ऑफिसला जाते, काम साचलंय. मी हं म्हणालो. पेपर वाचत होतो.

२३ मार्च, रविवार, दुपार
कॅन घेऊन गेलो. एकटाच. सेनापतीला पित्त झालंय. बाकीचे दोघं रजेवर, अर्ज रीतसर मंजूर.

गेटपाशी ताईची स्कूटर. पाहिली. तरी पुढे गेलो.

ती बाटलीत पाणी भरायला बाहेर आली. वास आला तिला. विचारलं, हातात काय आहे? टर्पेंटाइन, म्हणालो. फाडकन थोबाडीत बसली. मग विचारलं, मी आत आहे हे ठाऊक नव्हतं का रे तुला? विसरलो, म्हणालो.

विसरलो नव्हतो. इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितोय. स्कूटर बघूनसुद्धा माझा राग जरासाही उतरला नव्हता.

कॅन तिने ठेवून घेतला.

२४ मार्च
सेनापतीचा मेमो. मोहीम अपूर्ण का राहिली, याचा लेखी खुलासा करावा. दोन प्रतींत. मी अजून काही लिहिलेलं नाही.

ताईने घराची किल्ली काढून घेतली. माझी पिशवी जिन्यात ठेवली, कपडे घड्या घालून. दार वाजवलं. चपला बाहेर आहेत, म्हणजे ती आत आहे. पुन्हा वाजवलं. हाक मारली. उघडत नाही.

सख्ख्या भावाला कुणी असं बाहेर काढतं? संताप संताप होतोय नुसता. आता याची तक्रार करायची तरी कुठे?