दोरावरचं ब्लँकेट

धाकट्या,

बाबांना माझ्या घरी नेतेय. फोन केला होता, तू उचलला नाहीस. असशील कुणाची तरी जीप चिखलातून ओढत. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला पिकअपला पुढे दोराने गाड्या ओढायची विंच बसवून घेतलीस, पट्टे आणलेस, हूक आणलेस, चाकांखाली सरकवायच्या फळ्यासुद्धा आणल्यास. बाबांच्या खिडकीच्या फुटक्या काचेला मात्र अजून पुठ्ठाच आहे.

सकाळी आले तर ते दोन चादरी गुंडाळून कुडकुडत बसलेले. ब्लँकेट कुठंय विचारलं, तर म्हणे धुवायला गेलंय. मग घरच्या ग्रुपवर तुझा कालचा व्हिडिओ पाहिला. ताणलेल्या दोरावर त्यांचंच तपकिरी ब्लँकेट! दोर तुटून उसळला तर कुणाला लागू नये म्हणून त्यावर जड कापड टाकतात, हे तूच मला समजावलं होतंस. परक्यांच्या हातापायांची केवढी ती काळजी.

फ्रिजमधलं दूध आजच संपव. बाबांच्या गोळ्या मी घेतल्यात, शोधत बसू नकोस. ब्लँकेट आता तुझ्याकडेच ठेव, मी नवीन आणते.

व्हिडिओ बाबांनीही पाहिला. डोळ्यांजवळ फोन धरून पुन्हा पुन्हा पाहिला. मला वाटलं, आता तरी तुला काही बोलतील. तर म्हणाले, "दोराच्या फार जवळ उभा राहतो गं तो. लांब राहा म्हणावं."

निरोप दिला.

ताई