मुद्दाम बसवलेला आवाज

३ फेब्रुवारी, सोमवार
हर्षालीला मुलगी झाली, सोलापुरात सासरी. मी आजोबा झालो. बारसं झालं की सोळा तारखेला दोघींना इकडं नळदुर्गला आणायचं. एसटी न्हाय, भाड्याची जीप न्हाय. माझी नात माझ्याच गाडीतनं येणार.

५ फेब्रुवारी
ब्रेक दाबला की पुढच्या चाकातनं किर्र आवाज. परवापर्यंत नव्हता. परवाच हायवेवरच्या शरणप्पाच्या गॅरेजात हवा भरली. हवेचं नुसतं निमित्त.

६ फेब्रुवारी, सकाळी १०
शरणप्पाला गाठलं. म्हणाला की ब्रेकचे पॅड झिजलेत, आणि झिजले की ओरडावं म्हणून त्यांना पत्र्याची पट्टी बसवलेलीच असते. म्हणजे कबूल केलं की! आवाज मुद्दाम बसवलेला आहे. पंचायत समितीत बत्तीस वर्षं काढली मी, असले लई बघितले.

८ फेब्रुवारी
ब्रेक ऑइल रेघेच्या खाली. गळती कुठंच न्हाय. म्हणजे चोरी. बॉनेटला काळा दोरा बांधला.

११ फेब्रुवारी
दोरा जसाच्या तसा, ऑइल आणखी खाली. चोर हुशार आहे, गाठ हुबेहूब माझ्यासारखी मारतो.
जावईबापूंचा फोन. रणधीर म्हणाले की पॅड झिजले की ऑइल खाली जातंच, आधी पॅड बदला, मग बाळाला न्यायला या. अगदी शरणप्पाचं बोलणं. या दोघांची ओळख कधी झाली? चौकशी करायची.

१२ फेब्रुवारी
व्हिडिओ बघून ब्रेक सिस्टीम समजून घेतली. पायडल, ऑइल, पॅड, चाक. संपलं. यात मेकॅनिक कशाला लागतो? ही म्हणाली की आधी जॅक कुठं ठेवलाय ते तरी आठवा. हिलाही फितवलेलं दिसतंय.

१३ फेब्रुवारी
जॅक ज्वारीच्या कणगीमागं सापडला. चाक काढलं, पट्टी पकडीनं तोडली. आवाज बंद! पॅड पातळ दिसले, पण पातळ म्हणजे खराब हे सांगितलं कुणी? शरणप्पानंच. गॅरेजासमोरनं तीनदा गाडी नेली. त्यानं वर बघितलं न्हाय. मुद्दाम.

१५ फेब्रुवारी
आता खर्र असा जाड आवाज. धूळ असणार. उद्या चल म्हणालो, तर ही म्हणाली की डिंकाचे लाडू करायचेत. भरवसा न्हाय का, म्हणून विचारलं. ही डिंक तळत राहिली.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
सोलापूरपर्यंत झकास गेलो. व्याह्यांच्या दारात ब्रेक दाबला, पाय तळाला गेला, गाडी थांबेना. शेजारच्या बांधकामाच्या वाळूत घुसली. कुणाला लागलं न्हाय. ढीग तिथं कुणी टाकला ते विचारायला हवं होतं. विचारलं न्हाय.
हर्षाली बाळाला घेऊन दारातच उभी होती. रागावली असती तर बरं वाटलं असतं. बाळाचं डोकं छातीशी धरून ती नुसती दोन पावलं मागं सरली.
रणधीर आम्हा तिघांना रिक्षानं स्टँडवर सोडून गेले. एसटीच्या ड्रायव्हरनं नळदुर्गपर्यंत अकरा वेळा ब्रेक मारला. अकराही वेळा गाडी थांबली. मधी एकदा मी बाळ मागितलं. हर्षाली म्हणाली की राहू द्या अण्णा, तुम्ही दांडा धरून बसा.
दांडा धरून बसलो.