सीतादही आणि नऊचा ऑटो

११ नोव्हेंबर, सोमवार
कापूस फुटून पाचही एकर पांढरेधोप. आठवड्यात वेचून झाला नाही तर मातीत जाईल. दहा रुपये किलोने बाया मिळत नाहीत म्हणून नाचणगावभर रडगाणं. मला चिंता नाही. आनंदाबाई अन् तिच्या आठ बाया वीस वर्षांपासून माझ्याच वावरात वेचतात. माणूस माणसाला धरून असतो.

१२ नोव्हेंबर
आनंदाबाईकडे गेलो. चहा पाजला. त्या सगळ्या आता पॅकिंगच्या कंपनीत जातात म्हणे. रोजी साडेचारशे, वर पंखा. मी म्हटलं, वावरात मोकळी हवा आहे. ती हसली. म्हणजे होकारच. उद्या सीतादही ठेवलं. पहिल्या वेचणीच्या या पूजेला आलेली बाई वेचल्याशिवाय परतत नाही, अशी रीत आहे.

१३ नोव्हेंबर, सकाळी ८
नऊच्या नऊ हजर. माझ्या बायकोने, रुख्मिणीने पहाटे उठून दहीभात केला. सात दगड मांडून पूजा झाली. माणुसकीपुढे पंखा काय चीज!

९.१५
प्रत्येकीने ओंजळभर वेचलं. रीत पाळली. मग बांधाशी कंपनीचा नऊचा ऑटो थांबला.
"अण्णाजी, भात झ्याक झालता," आनंदाबाई म्हणाली, "पन उशीर झाला त अर्धी रोजी कटते."
नऊही जणी गेल्या. भातही संपला.

१४ नोव्हेंबर
दर बारा केला. कोणी आलं नाही. लाजत असतील.

१५ नोव्हेंबर, सकाळ
स्वतःच वेचणार. जुना हात आहे. दिवसाला तीस किलो कुठे गेले नाहीत.

संध्याकाळ
अठरा किलो. कंबर माझी राहिली नाही. बाराच्या दराने दोनशे सोळा झाले. एवढ्यासाठी कोण वाकेल, असं तोंडातून निघून गेलं. रुख्मिणीने ऐकलं.

१७ नोव्हेंबर
रुख्मिणी म्हणाली, "माह्या एका रोजीत तुमच्या दोन बाया लागतात. मी जाईन कंपनीत, तुमी बाया लावा."
हा विचार माझ्या मनात आधीपासून होताच.

१८ नोव्हेंबर, सोमवार
रुख्मिणी ऑटोत बसली. आनंदाबाईने सरकून जागा दिली. मी रुख्मिणीच्या रोजीच्या भरवशावर दर पंधरा केला अन् बाया शोधायला गावात फिरलो. ज्या मिळाल्या असत्या, त्या ऑटोत गेल्या होत्या.

दुपार
वावरात मजूर एक, मालक एक. दोन्ही मीच. मजुराने वीसचा दर मागितला. मालक म्हणाला, पाहू. मग दोघंही बांधावर टेकले.
कापूस गळून राह्यला.